भौतिक रसायनाची सुरुवात उसाच्या रसापासून कर

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय: "सर, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून कशीबशी काढली. आता बेळगावात बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलीय. ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिक पाठ करून जमतं, पण फिजिकल केमिस्ट्री म्हटलं की सीनियर मुली घाबरवतात. हा विषय नेमका आहे काय, त्याच्या शाखा कोणत्या आणि मी सुरुवात कुठून करू? गणित बेताचंच आहे. पुढे ह्यात एम.एस्सी. करावी का?"

बाळ, त्या मुलींना काय वाटत असेल ते मी जाणतो. माझ्या पहिल्या वर्षी ह्याच विषयाने मला रडवलं होतं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सूत्र सुरू व्हायचं, उजव्या कोपऱ्यात संपायचं आणि "हे परीक्षेला येतं" एवढंच सांगितलं जायचं. ती राशी कुणी मोजली, कशाने मोजली, मुळात मोजावीशी का वाटली, ह्यातलं काही कानावर पडलं नाही. पुढे तीसेक वर्षं हाच विषय शिकवला, प्रयोगशाळेत शेकडो मुलांच्या शेजारी उभा राहिलो, आणि माझं मत पक्कं झालं: भौतिक रसायन हे मोजण्याचं शास्त्र आहे. सूत्रं म्हणजे मोजलेल्या आकड्यांची टिपणं. टिपण वाचायचं तर कशाचं टिपण आहे हे आधी माहीत हवं.

रसायनशास्त्राच्या बाकीच्या शाखा पदार्थांवरून पडल्यात. कार्बनची संयुगं एकीकडे, उरलेली मूलद्रव्यं दुसरीकडे. भौतिक रसायन पदार्थ कुठला ते विचारत नाही, प्रश्न विचारतं. ही अभिक्रिया आपणहून होईल का? झाली तर कुठपर्यंत जाऊन थांबेल? किती वेळ घेईल? आणि हे सगळं होताना आत रेणूंमध्ये काय चाललेलं असतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उष्मागतिकी देते, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स. तिसऱ्याचं उत्तर रासायनिक गतिकी, कायनेटिक्स. चौथ्यासाठी क्वांटम रसायन आणि वर्णपटशास्त्र. विद्युतरसायन, पृष्ठरसायन, कलिल (द्रवात तरंगणारे अतिबारीक कण), प्रावस्था समतोल (घन, द्रव, वायू ह्या अवस्थांमधला समतोल) अशी जी बाकीची नावं अभ्यासक्रमात दिसतात, तिथे हेच चार प्रश्न वेगवेगळ्या जागी विचारलेले असतात: बॅटरीत, धुळीच्या कणावर, दुधात, वितळलेल्या लोखंडात.

आता उसाच्या रसाकडे येतो. माझं आजोळ निपाणीजवळ. दिवाळी झाली की मामांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं. चरकातला रस मांदणात, मांदणातून काहिलीत. खाली चुलवणात गडी चिपाड सारत राहायचा. रस तापून फेस धरू लागला की गुळव्या चेचलेल्या भेंडीचा बुळबुळीत रस ओतायचा, आणि बघता बघता काळपट मळी वर तरंगायची. ती झाऱ्याने काढून टाकायची. मग चुन्याची निवळी. किती, ते तो रसाच्या रंगावरून ठरवायचा. शेवटी काहिलीतला रस दाट होऊन जड बुडबुडे फुटू लागले की एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचा. थेंबाची गोळी झाली आणि बोटांत कडक लागली की काहील उतरवायची. दोन मिनिटं इकडे की गूळ सैल, दोन मिनिटं तिकडे की करपट.

मला तेव्हा ती हातोटी वाटायची. कॉलेजात गेल्यावर कळलं, त्या एका काहिलीत माझा निम्मा अभ्यासक्रम उकळत होता. कच्च्या रसात शंभर भागांत अठरा-वीस भाग विरघळलेला पदार्थ असतो, म्हणून तो पाण्याच्या जवळपासच उकळतो. पाणी उडत जातं, साखर दाटत जाते, तसा उकळबिंदू चढतो. गूळ उतरवायच्या वेळी तो ११६ ते ११८ अंश सेल्सियसच्या आसपास पोचलेला असतो. गुळव्याची गोळी म्हणजे त्याचा थर्मामीटर. विरघळलेल्या पदार्थाने पाण्याचा उकळबिंदू का चढतो, हे उष्मागतिकीतलं प्रकरण. भेंडीने मळी का वर येते? रसात मेण, प्रथिनं, माती ह्यांचे इतके बारीक कण असतात की ते विरघळतही नाहीत आणि तळालाही बसत नाहीत. ह्यालाच कलिल म्हणतात. भेंडीतला चिकट पदार्थ त्या कणांना एकमेकांना बांधतो, त्यांचे पुंजके होतात आणि फेसाबरोबर वर येतात. हे पृष्ठरसायन. आणि चुना? ताज्या रसाचा पीएच पाच-साडेपाच, म्हणजे तो आम्लधर्मी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू पाणी घेऊन तुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. अशी तुटलेली साखर जास्त झाली की गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. चुन्याने आम्ल मारलं की हे तुटणं मंदावतं. चुना जास्त पडला की गूळ काळा पडतो. तुटण्याचा वेग कशाने वाढतो, कशाने मंदावतो, ही गतिकी.

आणि हा काही मी ओढूनताणून जुळवलेला दाखला नाही. भौतिक रसायन हा विषयच साखरेच्या पाण्यात वाढलेला आहे. मला हे कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून तुला सविस्तर सांगतो.

१८५० साली विल्हेल्मी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि पोलॅरिमीटरमधून, म्हणजे प्रकाशाची दिशा किती वळली ते मोजणाऱ्या उपकरणातून, बघत बसला. साखरेचं द्रावण त्यातून जाणाऱ्या ध्रुवित (एकाच प्रतलात कंपणाऱ्या) प्रकाशाची दिशा उजवीकडे वळवतं. शुद्ध साखरेचा विशिष्ट आकडा अधिक ६६.५ अंश. ती तुटली की झालेलं मिश्रण दिशा डावीकडे वळवतं, उणे २० अंशांच्या आसपास. उजवीकडून डावीकडे उलटतं, म्हणून ह्या क्रियेला इन्व्हर्जन हे नाव. विल्हेल्मीने घड्याळ लावून कोन टिपत नेले आणि त्याला दिसलं की कुठल्याही क्षणी साखर तुटण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. तुझ्या पुस्तकात 'प्रथम कोटीची अभिक्रिया' म्हणून जे समीकरण छापलंय, ते हेच. अभिक्रियेचा वेग मोजून त्याचं गणित मांडण्याची ही सुरुवात.

पुढे १८७७ मध्ये फेफर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणांचा परासरण दाब (ऑस्मॉटिक प्रेशर) मोजला. ते आकडे घेऊन व्हान्ट हॉफने दाखवलं की विरळ द्रावणातले कण वायूच्याच नियमाने वागतात. १८८४ मध्ये ऑस्टवाल्डने कुठलं आम्ल किती जोरकस हे ठरवायला पुन्हा साखरेचं तुटणंच वापरलं. १८८९ मध्ये अऱ्हेनियसने तापमानाचा वेगावर होणारा परिणाम मांडला. तू पुढच्या सत्रात घोकणार आहेस ते अऱ्हेनियस समीकरण ज्या निबंधात आलं, त्याचा विषय होता आम्लाने होणारं ऊस-साखरेचं इन्व्हर्जन. (साखर बीटची असली तरी जर्मन लोक तिला तेव्हा 'ऊस-साखर'च म्हणत.) १९१३ मध्ये मिकेलिस आणि कॅनडातून आलेल्या मॉड मेंटेन ह्या डॉक्टरबाईंनी विकरांच्या (एन्झाइमांच्या) वेगाचं समीकरण मांडलं, तेही साखर तोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर. १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफला, १९०३ चं अऱ्हेनियसला, १९०९ चं ऑस्टवाल्डला. ऑस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ ह्यांनी ह्या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक १८८७ मध्ये सुरू केलं; आपल्या गोकाकच्या धबधब्यावर पहिल्यांदा वीज तयार झाली तेही त्याच साली.

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणाचा ऊस कारखान्याला जात असेल तर रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसातून किती साखर निघाली, हा शब्द तुला ठाऊक असेल. तोडलेला ऊस गाडीत दोन-तीन दिवस उन्हात पडला की रिकव्हरी का घसरते? उसातलं तेच इन्व्हर्टेज आणि जंतू साखर तोडत असतात, आणि ऊन त्यांचा वेग वाढवतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल', म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, काढतात तो पोलॅरिमीटरवरच. विल्हेल्मीचं उपकरण आजही आपल्या सगळ्या ऊसपट्ट्यात रोज चालू आहे.

आता ह्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती मनात बसली की पुढची तीन वर्षं सोपी जातील. 'होईल का' आणि 'किती वेगाने होईल' हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत. साखर पाण्यात तुटणं हे उष्मागतिकीच्या हिशोबाने आपणहून होणारं काम आहे. गिब्ज ऊर्जेतला बदल, म्हणजे आपणहून होण्याचा कल दाखवणारा आकडा, ऋण येतो. तरीही आम्ल नाही, विकर नाही, जंतू नाहीत अशा शुद्ध पाण्यात ती साध्या तापमानाला तुटायला शतकं लागतील. चिपाडाच्या ढिगाभोवती ऑक्सिजन सदैव असतो, ते जळणं ऊर्जेच्या दृष्टीने उताराचंच काम, पण काडी लावेपर्यंत ढीग तसाच पडून राहतो. उष्मागतिकी उतार दाखवते, वाटेतल्या बांधाची उंची सांगत नाही. तो बांध म्हणजे सक्रियण ऊर्जा, आणि तो गतिकीचा प्रांत. आम्ल किंवा विकर बांध बुटका करतं, उतार मात्र बदलत नाही. उत्तरपत्रिकांमध्ये मी सर्वांत जास्त लाल रेघा मारल्या असतील त्या हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्याबद्दल. कुठलंही गणित सोडवायला घेतलंस की वर समासात आधी लिही: हा उताराचा प्रश्न की बांधाचा?

उष्मागतिकी शब्दांनी जड वाटते, पण तिची सुरुवात हिशेबाच्या वहीसारखी आहे. ऊर्जा आली किती, गेली किती. गोकाकचा धबधबा ५२ मीटर, म्हणजे १७० फूट उंच. वरचं एक किलो पाणी खाली पडतं तेव्हा ९.८ गुणिले ५२, साधारण ५१० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक किलो पाणी एक अंशाने तापायला जवळपास ४१८० ज्यूल लागतात. भागाकार कर: खालचं पाणी वरच्यापेक्षा फार तर ०.१२ अंशाने गरम असायला हवं. ज्यूलने १८४५ मध्ये नायगाराबद्दल हाच हिशेब मांडला होता. १६० फुटांसाठी त्याचं उत्तर होतं फॅरनहाइटच्या एका अंशाचा पाचवा भाग. आपलं गोकाक जवळजवळ तेवढंच. प्रत्यक्षात तुषार उडतात, वारा लागतो, बाष्पीभवन होतं, त्यामुळे धबधब्याखाली तो फरक पकडणं कठीण. पण यांत्रिक कामाची उष्णता होते आणि तिचा भाव ठरलेला असतो, हा पहिला नियम त्या एका भागाकारात मावतो.

दुसरा नियम, एन्ट्रॉपी, त्याबद्दल पुस्तकं 'अव्यवस्था' असा शब्द वापरतात. मला तो आवडत नाही, त्याने मुलांची दिशाभूल होते. तुझ्या खानापूरच्या कुंभारवाड्यातला माठ घे. माठातलं दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायचं तर, बाहेरून येणारी उष्णता सोडून, माठाच्या अंगावरून जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडालं तरी पुरतं. पण तोच माठ एप्रिलमध्ये अथणीला ठेव आणि जुलैमध्ये खानापुरात ठेव. अथणीच्या कोरड्या हवेत पाणी बर्फासारखं गार लागेल. तुझ्याकडच्या संततधारेत माठ नुसता ओला राहील, गार होणार नाही. पाणी तेच, माठ तोच. हवेत वाफेला जागा किती शिल्लक आहे ह्यावर उडणं अवलंबून. पसरायला किती वाटा मोकळ्या आहेत ह्याचं मोजमाप म्हणजे एन्ट्रॉपी. बोल्ट्समनने तेच वाटांच्या संख्येच्या लॉगरिदमशी जोडलं, आणि ते सूत्र व्हिएन्नात त्याच्या समाधीवर कोरलेलं आहे. ह्या मोजणीला सांख्यिकीय उष्मागतिकी म्हणतात. एक-एक रेणू आणि बादलीभर पाणी ह्यांच्यामधला पूल तोच. बी.एस्सी.ला ती थोडीच येते, एम.एस्सी.ला भरपूर.

प्रावस्था समतोल शिकताना बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री बघायला मिळाली तर सोडू नकोस. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. त्यात ४.३ टक्के कार्बन असला की ११४७ अंशांनाच रस होतो. बिडाचं ओतकाम परवडतं ते ह्या चारेकशे अंशांमुळे. अशा आकृत्या वाचायचा नियम गिब्जने १८७६ ते १८७८ च्या आपल्या दीर्घ निबंधात दिला, एका ओळीचा नियम आहे. आकृती पाठ करायची नाही, बोट ठेवून तिच्यात चालायचं: इथे तापमान उतरवलं तर पहिल्यांदा काय गोठेल?

विद्युतरसायन घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत आहे. दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे मिळून बारा व्होल्ट. बॅटरीवाला काचेची नळी बुडवून आम्लाची घनता बघतो. पूर्ण चार्ज असेल तर १.२८ च्या जवळ, उतरली की कमी, कारण वीज देताना गंधकाम्ल खर्ची पडतं. आम्ल किती तीव्र त्यावर व्होल्टेज कसं बदलतं, तेच नर्न्स्टचं समीकरण. तुमच्याकडच्या पावसात छपराचा पत्रा गंजतो आणि जस्ताचा थर त्याला वाचवतो, तेही ह्याच प्रकरणात.

क्वांटम रसायनाला मुली सर्वांत जास्त घाबरतात. मी वर्गात हळदीपासून सुरू करायचो. चिकोडी-रायबागकडे हळद पिकते. तिच्यातला कुरकुमिन हा रेणू लांब साखळीचा, एकाआड एक दुहेरी बंध असलेला. त्या साखळीत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेता येत नाही, ठरलेल्या पायऱ्याच मिळतात. आणि ही कोंडायची जागा जितकी लांब, तितक्या पायऱ्या जवळ-जवळ. कुरकुमिनच्या पायऱ्यांमधलं अंतर असं आहे की तो ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश गिळतो. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. हळदीत चुना कालवला की रेणूतला एक प्रोटॉन निघून जातो, इलेक्ट्रॉन आणखी मोकळे पसरतात, पायऱ्या जवळ येतात, गिळलेला प्रकाश बदलतो आणि लाल रंग दिसतो. आपल्या आज्या कुंकू करायच्या ते असंच. १९२६ मध्ये श्रोडिंगरने समीकरण दिलं, १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन ह्यांनी त्यातून हायड्रोजनच्या रेणूचा बंध समजावला. 'पेटीतल्या कणाचं' (पार्टिकल इन अ बॉक्स) गणित सोडवताना हळद डोळ्यांसमोर ठेव, म्हणजे ती पेटी कशाची हा प्रश्न पडणार नाही. आणि रेणूंनी गिळलेला किंवा विखुरलेला प्रकाश वाचून त्यांची आतली घडण ओळखणं म्हणजे वर्णपटशास्त्र. रामन परिणाम १९२८ चा, त्याचं नोबेल १९३० चं. आज औषध कारखान्यांतही रामन वर्णपट काढतात.

शाखा झाल्या. आता अभ्यास.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलांना पाणी उकळून थर्मामीटर वाचायला सांगायचो. दरवर्षी निम्म्याहून अधिक जर्नलांत १०० लिहिलेलं असायचं. डोळ्यांना ९७ च्या पुढची रेघ दिसत होती, पण पुस्तकात १०० आहे, मग आपलं चुकलं असणार! मला ह्या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. जी मुलगी ९७.५ लिहून "सर, थर्मामीटर बिघडलाय का?" म्हणून विचारायला यायची, तिला मी सांगायचो, तुला हा विषय येणार. पाण्याच्या बाष्पदाबाचं समीकरण तिथून सुरू होतं.

दुसरा प्रयोग मिथाइल ॲसिटेटचा. हा ऑस्टवाल्डने १८८३ मध्ये केलेलाच प्रयोग आहे, तुझ्या जर्नलमध्ये नक्की असणार. फ्लास्कमध्ये आम्ल आणि एस्टर एकत्र करायचं, दर काही मिनिटांनी पिपेटने पाच मिलिलिटर काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि अल्कलीने टायट्रेशन करायचं. बर्फ कशाला? मुलं म्हणतात "पद्धत आहे". अगं, ती घड्याळ थांबवायची युक्ती आहे. थंडीने आणि पातळ झाल्याने अभिक्रिया जवळजवळ गोठते, मग तुला टायट्रेशनला सवड मिळते. पिपेट रिकामी होत असताना अर्ध्यावर वेळ टिपायची, सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. आणि शेवटचं, अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं 'इन्फिनिटी' रीडिंग कधीही अंदाजाने टाकू नकोस. सगळी वजाबाकी त्याच्यातून होते. ते चुकलं की सरळ रेषा शेवटाकडे वाकते आणि मग मुलं रेषा सरळ दिसावी म्हणून मधले आकडे बदलतात. मी एकाच वर्गाला हा प्रयोग जानेवारीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी करायला लावत असे. प्रयोगशाळेत वीस अंश होते ते बत्तीस झाले की वेगाचा स्थिरांक दुपटीच्याही पुढे जायचा. दोन्ही रेषा एकाच आलेख कागदावर काढल्या की अऱ्हेनियस वेगळा शिकवावा लागत नसे.

गणिताची चिंता करतेस, तर तुला लागणारं गणित मोजकं आहे. लॉगरिदम, सरळ रेषेचा उतार, साधं अवकलन (डिफरन्शिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन). तिसऱ्या वर्षी आंशिक अवकलन. आंशिक अवकलन सोडलं तर बाकीचं पीयूसीच्या गणितात येऊन गेलंय. दोन महिने रोज अर्धा तास फक्त एवढं कर: पुस्तक मिटून एका सूत्राची मांडणी (डेरिव्हेशन) स्वतः कागदावर उतरव आणि प्रत्येक ओळीशेजारी मराठीत लिही की ही ओळ आधीच्या ओळीतून का आली. "दोन्ही बाजूंना तापमान स्थिर धरलं म्हणून." "वायू आदर्श मानला म्हणून." ही जी 'म्हणून' आहेत, तोच विषय आहे. समीकरण कुठे चालतं आणि कुठे मोडतं, ते त्यांतच असतं.

एककांकडे कंजूष वाण्यासारखं लक्ष ठेव. वायुस्थिरांक ८.३१४ घेतलास तर ऊर्जा ज्यूलमध्ये, ०.०८२१ घेतलास तर लिटर आणि ॲटमॉस्फिअर. ह्यांची सरमिसळ झाली की उत्तर शंभरपट चुकतं आणि कळतही नाही. तापमान नेहमी केल्विनमध्ये. आणखी एक खड्डा आहे, त्यात हुशार मुलंही पडतात. जुन्या पुस्तकांत प्रणालीने बाहेर केलेलं काम धन धरतात, नव्या पुस्तकांत प्रणालीवर झालेलं काम धन. त्यामुळे पहिल्या नियमात एकीकडे वजा दिसतं, दुसरीकडे अधिक. दोन्ही बरोबर आहेत, पण एका गणितात एकच वापर. वापरलेल्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं पुस्तक आणि सरांच्या नोट्स ह्यांत चिन्हं जुळत नसतील तर आधी ही शंका घे.

भाषेचं सांगतो, कारण मीही तुझ्यासारखाच मराठी शाळेतून इथवर आलोय. इंग्रजी शब्द शिकावेच लागतील, परीक्षा त्याच भाषेत आहे. पण समजून घेणं मराठीतच कर, त्यात काही कमीपणा नाही. वहीत तीन रकाने आख: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि घरातलं उदाहरण. इक्विलिब्रियम, समतोल, आणि पुढे: 'झाकलेल्या भांड्यात वाफ होणं आणि वाफेचं पाणी होणं सारख्याच वेगाने चाललंय.' समतोल म्हणजे थांबणं नव्हे, हे त्या तिसऱ्या रकान्यानेच लक्षात राहतं. वर्गात तुझ्या शेजारी कन्नड माध्यमातून आलेली मुलगी असेल. तिची अडचण तुझ्यासारखीच आहे. दोघी मिळून गणितं सोडवा. एकमेकींना समजावताना जिथे अडखळाल तिथेच न समजलेलं सापडेल.

एम.एस्सी.चं विचारलंस. आकडे मोजायला आवडू लागले, चुकलेल्या आलेखाचं कारण शोधताना जेवायची आठवण राहिली नाही, तर जरूर कर. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ दोन्ही जवळ; सीमाभागातल्या मुलांसाठी महाराष्ट्रात काही शैक्षणिक सवलती आहेत, त्यांची वेळेत चौकशी कर. दुसऱ्या वर्षापासून आयआयटींच्या 'जॅम' ह्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी ठेव, तिच्यात भौतिक रसायनाची गणितं जिला येतात ती पुढे जाते. साखर उद्योगात रस असेल तर निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट बेळगावातच आहे. बॅटरी आणि गंज ह्या विषयांसाठी तामिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे, उत्प्रेरकांसाठी (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांसाठी) पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पण हा निर्णय आज घ्यायचा नाही. आधी दोन सत्रं प्रयोगशाळेत नीट उभी राहा.

ह्या आठवड्यात एवढंच कर. कॉलेजातून एक थर्मामीटर मागून घे, ११० अंशांपर्यंतचा. गावी गेलीस की पातेल्यात पाणी उकळ. थर्मामीटर तळाला टेकू न देता, नजर पाऱ्याच्या पातळीत ठेवून तीनदा वाच, आणि जे दिसेल तेच लिही. मग त्याच पाण्यात मूठभर मीठ टाकून पुन्हा वाच. दोन्ही आकडे मला कळव. उकळबिंदूचं प्रकरण आपण त्याच आकड्यांवर सोडवू.